नवशिक्यांनाही चारचौघांत वाजवू द्या

संपादक महोदय,

आपल्या पेपरात गाण्याबजावण्याच्या बातम्या मी आवर्जून वाचतो पण त्यात एकतर नावाजलेले कलाकार असतात नाहीतर एखादं चमत्कार वाटावं असं लहान मूल. जो माणूस मोठेपणी हौसेनं लोकवाद्य हातात घेतो, ज्याला जेमतेम दोन धुना येतात आणि ज्याला मनापासून वाटतं की कुणीतरी ऐकावं, तो कुठेच दिसत नाही. मी स्वतः साधी बांबूची बासरी शिकतोय, माझ्यासारखे बरेच जण आहेत, आणि आम्हाला सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे "आधी पक्कं शिका, मग लोकांसमोर या." हा सल्ला चांगल्या मनानं देतात हे मान्य, पण लोकवाद्याच्या बाबतीत तो मला अजिबात पटत नाही.

कारण ही वाद्यं मुळात दार लावून शिकायची नव्हतीच. बहुतेक ठिकाणी नोटेशन नव्हतं, परीक्षा नव्हत्या, जाणत्यांच्या मागे बसायचं, त्यांचे हात बघायचे, एक साधा ठेका नाहीतर नुसता सूर धरून ठेवायचा आणि असं करता करता हात बसायचा. एकतारी, तुणतुणं घ्या ना, एकच सूर धरायचं वाद्य, पण लय सांभाळून तेवढं केलं की बाकीच्यांना आधार होतो. म्हणजे नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून काहीतरी खरं काम असतं. हंगेरीत 1972 साली बुडापेस्टमध्ये 'तान्त्सहाझ' म्हणजे नाचघर सुरू झालं, गावाकडचं संगीत आणि नाच शहरातल्या तरुणांनी पुन्हा जिवंत केले, आणि त्याचं वैशिष्ट्य हेच की वय किती, येतं किती हे न बघता कुणालाही सामील होता येतं. युनेस्कोनं 2011 मध्ये वारसा जपायची चांगली पद्धत म्हणून त्याची नोंद घेतली. आयर्लंडच्या लोकसंगीतात तर शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम संथ लयीतल्या बैठका असतात, त्याच धुना, फक्त सावकाश. मला ही फार मोठ्या मनाची गोष्ट वाटते, जाणता वादक आपला वेग कमी करतो ते नवीन माणूस सोबत यावा म्हणून.

आता भीतीचं. घरी छान वाजतं आणि लोकांसमोर का बिघडतं, याचं उत्तर रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञानं 1965 मध्ये मांडलं होतं. लोक बघत असले की जे अंगवळणी पडलंय ते आणखी चांगलं होतं आणि जे अजून कच्चं आहे ते आणखी बिघडतं. त्यामुळे नवशिक्यानं काय करावं हे सरळ आहे, जी सगळ्यात अवघड धून नुकती जमायला लागलीय ती घेऊन जायचं नाही, जी झोपेतून उठवलं तरी वाजेल ती न्यायची, भले ती अगदी छोटी असो. आणि घरच्यापेक्षा मुद्दाम सावकाश सुरू करायची, कारण छाती धडधडत असते तेव्हा आपल्याला कळतही नाही आणि लय वाढलेली असते. बासरीवाल्यांनी फुंकेकडे लक्ष द्यावं, घाबरून जोरात फुंकलं की सूर टुणकन वरच्या सप्तकात जातो, बोटं बरोबर असूनही. थंड बासरी जरा उतरलेली लागते, वाजवून गरम झाली की चढते, म्हणून आधी थोडं वाजवून मगच बाकीच्यांशी सूर जुळवायचा. चामड्याच्या वाद्याचंही तसंच, हवा दमट असली की कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो, त्यामुळे घरी लावून आणलं म्हणून निर्धास्त राहू नये, तिथे जाऊन परत बघावं. मध्येच चुकलं तर थांबून पहिल्यापासून सुरू करू नये, लय चालू ठेवावी आणि पुढच्या समेला म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला पकडावं, हे मात्र एकट्यानं घरी बसून येत नाही, सोबत वाजवूनच येतं. 2014 मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेनं लोकांसमोर गाणाऱ्यांवर प्रयोग केला होता, त्यात गाण्याआधी "मी घाबरलोय" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी एक्साइटेड आहे" म्हणणारे जास्त सुरात गायले. करून बघायला काहीच हरकत नाही.

पण सगळं ओझं शिकणाऱ्यावरच का? ऐकणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, कुणी पहिल्यांदा वाजवत असेल तर लगेच मोबाईल काढून शूट करू नका, त्याला न विचारता ते सगळीकडे पाठवू तर अजिबात नका. धून संपेपर्यंत ऐका. सल्ला द्यायचाच असेल तर तो नंतर, एकट्याला गाठून आणि एकच द्या. जे कार्यक्रम करतात त्यांनी सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं शिकणाऱ्यांना द्यावीत, शक्य असेल तर सोबत एक जाणता वादक बसवावा, त्यानं नुसता ठेका धरला तरी नवीन माणसाला केवढा धीर येतो.

आणि आपल्याकडे एवढंच मागणं आहे की कार्यक्रमांच्या सदरात एक ओळ अशा जागांसाठी ठेवा जिथे शिकणाऱ्यांना वाजवायला मिळतं, आणि कधीतरी अशा एखाद्या बैठकीला आपला वार्ताहरही पाठवा.

आपला,
एक शिकाऊ बासरीवादक