‘100 टक्के’ शिकवलेल्या अपूर्णांकांविषयी शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या वर्गाला यंदा अपूर्णांक शिकवलेच गेले नाहीत, अशी तक्रार मी रीतसर नोंदवली होती. गेल्या आठवड्यात तिचे उत्तर आले: ‘सदर घटकाचे अध्यापन 100 टक्के पूर्ण झाले असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ ते वाचताना मुलीची चाचणीची उत्तरपत्रिका माझ्यासमोर होती. अर्धा आणि पाव यांची बेरीज तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन षष्ठांश, म्हणजे एक तृतीयांश, अशी काढली होती. अर्ध्यात आणखी काही घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले, हा प्रश्न तिला पडलाच नाही, आणि मला खरा धक्का बसला तो त्याचा.

गुरुजींवर माझा राग नाही. त्यांच्याकडे तिसरी, चौथी आणि पाचवी असे तीन वर्ग आहेत आणि ज्या आठवड्यांत अपूर्णांक शिकवायचे, नेमक्या त्याच आठवड्यांत ते बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरत होते. तीन वर्गांना एक शिक्षक म्हणजे प्रत्येक वर्गाला एक तृतीयांश शिक्षक. त्यातला निम्मा वेळ यादीने नेला की वर्गाच्या वाट्याला उरतो एक षष्ठांश. अपूर्णांकांचा गुणाकार आपल्या विभागाने प्रात्यक्षिकासह करून दाखवला, याबद्दल आभार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आहे आणि 2024 मध्ये शासनाने या कामांची शैक्षणिक, अशैक्षणिक आणि अनिवार्य अशी वर्गवारीही केली. शिक्षकांना वर्गात राहू देऊ, असे त्या वेळी आम्ही ऐकले होते. झाले एवढेच, की पूर्वी जे काम नुसते काम होते, ते आता ‘अनिवार्य’ झाले. आणि गुरुजी यादी घेऊन गेले की त्यांच्या जागी वर्गात कोण उभे राहणार, याचे उत्तर कोणत्याच रकान्यात नाही.

हा घटक इतर घटकांसारखा मागाहून उरकता येत नाही. आठ हे चारपेक्षा मोठे, हे मूल पहिलीपासून शिकत आलेले असते आणि एके दिवशी त्याला सांगितले जाते की एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा लहान आहे. त्याच्या दृष्टीने हे सगळ्या गणिताचे उलटे होणे असते. म्हणून कागदाच्या घड्या घालाव्या लागतात, भाग समान नसतील तर त्याला पाव म्हणता येत नाही हे पुन्हा पुन्हा दाखवावे लागते, आणि शून्य व एक यांच्यामध्येही संख्या राहतात हे संख्यारेषेवर बोट ठेवून पटवावे लागते. आकृतीतला भाग रंगवून घेतला की हे झाले असे मानले जाते. रंगवता माझ्या मुलीलाही येते. त्यात पाचवीच्या ज्या पुस्तकातून माझा थोरला मुलगा शिकला, त्यात अपूर्णांक पाचव्या प्रकरणात होते आणि विभाजक-विभाज्य आठव्यात, म्हणजे छेद समान करायला जे हवे ते तीन प्रकरणे उशिरा. (मध्यंतरी पुस्तकांचे चार भाग करून त्यांत नोंदींसाठी कोरी पाने घातली होती आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला. थोरल्याची ती पाने अजून कोरीच आहेत.)

माझे स्वतःचे फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे आणि तुमच्या 100 टक्क्यांची किंमत मी तिथे रोख मोजतो. आमच्याकडे इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दहावी उत्तीर्ण झालेल्या एका मुलाला मी सव्वासात इंच फळीचा मध्य काढून हँडलचे भोक पाडायला सांगितले. साडेतीन इंच आणि एक सूत, एवढेच उत्तर. त्याने साताचे निम्मे केले, पाव सोडून दिला आणि साडेतीनवर ड्रिल चालवले. सगळे ड्रॉवर तसेच झाले, गिऱ्हाइकाने माल नाकारला, लॅमिनेट लावलेल्या फळ्या भंगारात गेल्या. मुलगा प्रामाणिक आणि कष्टाळू आहे. त्याला ओरडलो आणि रात्री झोप आली नाही. त्याच वर्कशॉपमधले चौथीत शाळा सोडलेले म्हातारे मिस्त्री असला हिशेब तोंडी करतात, कारण पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, त्यांच्याकडून पाठ करून घेतले होते. केवळ पाठांतराने समज येते असे माझे म्हणणे नाही, पण आपण पाठांतर काढून घेतले आणि त्या जागी समज मात्र ठेवली नाही.

हे एका शाळेचे रडगाणे आहे असे कोणी म्हणेल, म्हणून केंद्र सरकारचाच आकडा देतो. डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात सहावीच्या मुलांपैकी अर्धा, पाव असे रोजच्या वापरातले अपूर्णांक ओळखणे आणि त्यांची तुलना करणे जमले ते देशभरात 29 टक्क्यांना. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली तरी 25 टक्के उत्तरे बरोबर येतात. म्हणजे पाच वर्षांच्या शाळेची कमाई चार टक्के! तज्ज्ञ म्हणतील, हिशेब इतका सरळ नसतो. नसेल, पण तुमच्या 100 टक्क्यांपेक्षा तो सत्याच्या जवळ आहे. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ म्हणायचे की ‘एकवीस’ यावरून विधिमंडळात टोलेबाजी रंगली. अर्धा आणि पाव मिळून किती, यावर तिथे कधी गोंधळ झाल्याचे मला आठवत नाही. ही सगळी व्यवस्था टक्केवारीतच बोलते: अभ्यासक्रम इतके टक्के, उपस्थिती इतके टक्के, माहिती भरली इतके टक्के. मुलांना काय येते हे विचारायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला आपण फॉर्म भरायला बसवले आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. अपूर्णांकांच्या आठवड्यांत तिसरी ते पाचवीच्या शिक्षकाला दुसरे काम देऊ नये आणि द्यावेच लागले तर त्याच्या जागी बदली शिक्षक आधी पाठवावा. माझ्या मुलीच्या वर्गाला हा घटक पहिल्या घडीपासून पुन्हा शिकवावा. आणि ज्या अधिकाऱ्याने ‘100 टक्के’ लिहिले, त्याने वर्गात येऊन कोणत्याही पाच मुलांना अर्धा अधिक पाव विचारावे. त्यांची उत्तरे आहेत तशी त्याच शेऱ्याखाली लिहावीत आणि मग तक्रार निकाली काढावी.

आपला,
पाचवीतील एका मुलीचा बाप