कॅमेरा वाचतो तो कुलपाने नव्हे

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ट्रेल कॅमेऱ्यांवरचा, म्हणजे रानात झाडाला बांधून ठेवलेल्या आणि जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवरचा, लेख वाचला. मी विस्कॉन्सिनमध्ये राहते आणि दर शरदात धनुष्यबाण घेऊन सरकारी जंगलात हरणाच्या शिकारीला जाते. (भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद असताना तू हे काय आरंभले आहेस, असे आमच्या मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी विचारतेच. इथे परवाना लागतो, हंगाम आणि मारायची संख्या सरकार ठरवते आणि मांस आम्ही घरी खातो, एवढे सांगून पुढे जाते.) लेख माहितीपूर्ण आहे. पण खासगी शेतातला कॅमेरा आणि कुणालाही मोकळ्या असलेल्या जमिनीवरचा कॅमेरा यांत लेखकाने फरकच केलेला नाही. तारेचे चांगले कुलूप लावले की चोरीची चिंता मिटली, हा त्यांचा सल्ला वाचून नवखी मंडळी फसतील, म्हणून हे पत्र.

तारेचे कुलूप कटरने क्षणात तुटते. मुळात, सहज चालता चालता कॅमेरा दिसला आणि खिशात घातला, अशा उचलेगिरीलाच ते आवर घालते. ज्याला कॅमेऱ्याची जागा ठाऊक आहे तो पुढच्या खेपेला कटर घेऊन येतो, आणि कटर नसला तर चिडून भिंगावर दगड घालतो. लेखात सुचवलेली पोलादी पेटी तर आमच्याकडे भलतेच प्रकरण होऊन बसते. ती पक्की बसायची तर झाडात जाड स्क्रू पिळावे लागतात, आणि राज्याच्या जमिनीवर झाडाला इजा करणे हाच गुन्हा आहे.

शिवाय चोराला दरवेळी कॅमेराच हवा असतो असे नाही. कॅमेरा जागच्या जागी, पट्टा शाबूत आणि आतले फोटोंचे मेमरी कार्ड तेवढे गायब, असे आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांचे झाले आहे. मोठ्या शिंगांचा नर कुठल्या वाटेने आणि किती वाजता येतो, हे त्या कार्डावर तारीख-वेळेसकट लिहिलेले असते. काही जण कॅमेऱ्याला पासवर्ड घालून निर्धास्त राहतात. पासवर्डने चोरलेले यंत्र दुसऱ्याला वापरता येत नाही हे खरे, पण कार्ड काढून संगणकात घातले की फोटो बहुधा बिनबोभाट दिसतात. आणि पासवर्ड आहे हे चोराला कळते ते घरी गेल्यावर!

उपयोग होतो तो लपवण्याचा. माणूस चालताना पायाखाली आणि डोळ्यांच्या उंचीवर पाहतो, वर फारसा पाहत नाही. म्हणून कॅमेरा आठ-दहा फुटांवर बांधून तोंड खाली झुकवायचे. त्यासाठी शिडीचे तुकडे पाठीवर वाहून न्यावे लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण कुलपाच्या दसपट कामाचे. गाड्या लावायच्या जागेपासून जितके लांब जाल तितकी वर्दळ कमी. मधे गुडघाभर पाण्याची दलदल असेल तर उत्तमच. रात्रीच्या दिव्याचेही बघावे. 850 नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) दिवा लागला की अंधारात लालसर ठिपका दिसतो आणि कॅमेऱ्याचा पत्ता आपोआप कळतो. 940 वाला डोळ्यांना दिसत नाही. त्याचा पल्ला थोडा कमी असतो, तेवढे सोसावे.

लेखात अजिबात न आलेली गोष्ट पानगळीची. सप्टेंबरात दाट पानांत बेमालूम दडलेला कॅमेरा नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघड्या बुंध्यावर लांबून दिसतो. आणि नेमक्या त्याच महिन्यात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, आमचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. पाच लाखांहून अधिक परवानेधारक भगव्या जाकिटांत रानोमाळ पसरतात. त्यांतले बहुतेक सज्जन असतात, पण एवढ्या गर्दीत एक हात लांब असला तरी पुरतो. त्या शनिवारच्या आधी मी माझे सगळे कॅमेरे उतरवते.

मोबाइल नेटवर्कवरून फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांचे लेखकाने तोंड भरून कौतुक केले आहे. यंत्र गेले तरी फोटो हाती राहतात, कधी चोराचाही मिळतो, हे मान्य. पण चोरीवरचा हाच उतारा पुढे बंदीला निमंत्रण देतो. हरीण आत्ता, या क्षणी कुठे उभे आहे ते फोनवर बघून उठायचे आणि तिकडे निघायचे, तर जनावराला निसटायची रास्त संधी ती काय उरली? पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब अशी शिकार आपल्या विक्रमवहीत घेत नाही. ॲरिझोनाने तर 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायलाच मनाई केली, मग ते नेटवर्कचे असोत की साध्या कार्डाचे. कोरड्या मुलखात जनावरे मोजक्या पाणवठ्यांवर येतात, तिथे कॅमेऱ्यांची आणि कॅमेरेवाल्यांची झुंबड उडाली होती. युटा आणि नेवाडामध्ये हंगामापुरते निर्बंध आहेत, आणि कॅन्ससने 2023 मध्ये वन्यजीव खात्याच्या सार्वजनिक जमिनींवर कॅमेरे बंद केले. महागडा कॅमेरा घ्यायच्या आधी वाचकाने आपल्या राज्याचा चालू वर्षाचा नियम वाचावा, हे वाक्य त्या लेखात असायलाच हवे होते.

चोरी झालीच तर? विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या जमिनीवर कॅमेऱ्यावर मालकाचे नाव-पत्ता किंवा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने दिलेला ग्राहक क्रमांक दिसेल असा लावावा लागतो. मी क्रमांकच लावते. घरचा पत्ता लिहून, मी पहाटेपासून रानात आहे आणि घराला कुलूप आहे, हे कुणाला कशाला सांगू? खरेदीच्या दिवशी यंत्राचा अनुक्रमांक मात्र नक्की टिपून ठेवावा. पन्नास-साठ डॉलरच्या वस्तूसाठी पोलीस रान धुंडाळणार नाहीत. पण तीच वस्तू जुन्या मालाच्या जाहिरातीत दिसली, तर ती आपली आहे हे दाखवायला तोच आकडा उपयोगी पडतो.

– एक वाचक, विस्कॉन्सिन (अमेरिका)