मैदान कोणाला मिळतं, तिथून सुरुवात करू या

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री यांस,

स. न. वि. वि.

पर्यायी संगीताचे महोत्सव बाजारू झाले, ही ओरड आता जुनी झाली. श्रोते आयोजकांना बोल लावतात, आयोजक प्रायोजकांकडे बोट दाखवतात आणि प्रायोजक म्हणतात, लोकांनाच हे हवं आहे. या सगळ्यात सरकारचं नाव कोणी घेत नाही. मला ते घ्यायचं आहे. मैदान कोणाला द्यायचं, परवाना कधी द्यायचा, बंदोबस्ताचं बिल किती लावायचं आणि अनुदान कोणत्या निकषावर द्यायचं, हे निर्णय सरकारी कचेऱ्यांत होतात. छोटा महोत्सव तगणार की बुडणार, ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं. म्हणून हे पत्र आपल्याला.

मी ध्वनिसंयोजक आहे. मोठ्या महोत्सवांत आवाज जुळवायच्या यंत्रामागे, म्हणजे कन्सोलमागे उभा राहतो म्हणून माझं घर चालतं. छोट्या महोत्सवांत मिळेल त्या पैशात, वेळ पडली तर बिनपैशाने काम करतो. दोन्हीकडचं रोज पाहतो, त्यामुळे कोणा एकाची वकिली करायला बसलेलो नाही.

ज्या संगीताला सिनेमात, रेडिओवर आणि मोठ्या कंपन्यांच्या यादीत जागा मिळाली नाही, त्याने आपली जागा उघड्या माळावर शोधली. पंक, प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक, रस्त्यावरचं रॅप, स्वतः लिहून स्वतःच गायलेली गाणी, कोणत्याच कप्प्यात न बसणारा गोंगाट. तिथे चुकायची मुभा होती. ती मुभा हीच या महोत्सवांची खरी मिळकत, आणि सगळ्यांत आधी तीच जाते.

ही जागा कायद्याने कशी आक्रसते, हे ब्रिटनमध्ये फार स्पष्ट दिसतं. स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाजवळ १९७४ पासून दर उन्हाळ्यात मोफत महोत्सव भरायचा. १९८४ नंतर तो होऊ दिला गेला नाही. १ जून १९८५ रोजी महोत्सवासाठी तिकडे निघालेल्या लोकांच्या गाड्यांचा ताफा पोलिसांनी अडवला, गाड्या फोडल्या आणि शेकडो लोकांना अटक केली. पुढे मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन कॉमन या गावाच्या मोकळ्या माळावर हजारो लोक विनातिकीट, विनापरवाना जमले आणि कित्येक दिवस संगीत थांबलं नाही. त्यानंतर १९९४ मध्ये फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायदा आला. रात्री उघड्यावर १०० किंवा अधिक माणसं ध्वनिवर्धकावर संगीत लावून जमली आणि परिसराला त्रास होतो असं दिसलं, तर त्यांना हुसकावण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. कोणतं संगीत, हे सांगताना एकामागून एक येणाऱ्या त्याच त्या ठोक्यांचा उल्लेख थेट कलमात आला.

कॅसलमॉर्टनच्या गावकऱ्यांना झालेला त्रास खरा होता. रात्रंदिवस झोप न मिळालेल्या माणसाचा राग मला कळतो, माझं आयुष्य आवाजाची पातळी सांभाळण्यातच गेलं आहे. पण लोकांची नाचायची हौस त्या कायद्याने संपली नाही. ती कुंपणाच्या आत गेली, परवानाधारक क्लबांत आणि तिकीट लावलेल्या महोत्सवांत. ज्यांच्याकडे वकील, विमा आणि भांडवल होतं, त्यांना गिऱ्हाईक आयतं मिळालं.

आपल्याकडे आज अशी उघड बंदी घालावीही लागत नाही. अर्जांची रचनाच ते काम करते. काही शे श्रोत्यांच्या महोत्सवाला आणि पन्नास हजारांच्या महोत्सवाला जवळजवळ तेच दाखले लागतात: पोलीस, अग्निशमन, आरोग्य, वीज, ध्वनी, जागेची मालकी. प्रत्येक खिडकीवर शुल्क, कुठे कुठे अनामत, आणि ती अनामत परत मिळेपर्यंत पुढचा हंगाम उजाडतो. अंतिम परवाना आदल्या संध्याकाळी हातात पडला, तर आमच्या धंद्यात कोणाला नवल वाटत नाही. मोठी कंपनी परवान्याची वाट न पाहता कित्येक महिने आधी तिकीटविक्री उघडते. उद्या कार्यक्रम रद्द झालाच तर पैसे परत करायची ताकद तिच्यात असते. छोट्या आयोजकाला ते धाडस परवडत नाही. परवाना येईपर्यंत तो गप्प बसतो आणि परवाना आल्यावर तिकीट विकायला दिवसच उरत नाहीत.

अशा एका महोत्सवाच्या हिशेबाची वही मी पाहिली आहे. त्यात सर्वांत मोठा आकडा कलाकारांच्या मानधनाचा नव्हता, ध्वनिव्यवस्थेचाही नव्हता. बंदोबस्त, अनामत आणि जनित्राचं भाडं यांतच निम्म्याहून जास्त पैसा गेला होता. पुढच्या वर्षी ती मंडळी प्रायोजकाकडे गेली. प्रायोजकाने विचारलं, गर्दी किती? गर्दीसाठी ओळखीचं नाव हवं, त्या नावाने निम्मं अंदाजपत्रक खाल्लं, तिकीट महागलं, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप सुरू झाला होता ते बँड दुपारी एकच्या उन्हात, रिकाम्या मैदानासमोर वाजवायला लागले. यात लबाड कोणीच नव्हतं. प्रत्येक पायरीवर प्रत्येकाने शहाणपणाचाच निर्णय घेतला होता.

दुपारी एकचा तो कार्यक्रम मंचावरून कसा दिसतो, हे आपण एकदा येऊन पाहावं. रात्रीच्या मुख्य कलाकाराचं सामान सकाळीच मंचावर मांडून, झाकून ठेवलेलं असतं. ते हलवायचं नाही अशी करारातच अट असते. त्यामुळे छोट्या बँडचा ड्रम पुढच्या कडेला, एका अरुंद पट्टीवर लागतो आणि गायकाला मागे सरकायला पाऊलभरही जागा उरत नाही. त्यांना साउंडचेक, म्हणजे आधी वाजवून सगळे आवाज जुळवून घ्यायचा वेळ, मिळत नाही, मिळतो तो फक्त लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइकमधून आवाज येतो आहे एवढीच खात्री. पहिलं गाणं संपेपर्यंत मी आवाजांचं मिश्रण जुळवत असतो, आणि त्यांच्याकडे एकूण असतात पाच-सहा गाणी. तेवढ्यात शेजारच्या पेयाच्या कंपनीच्या तंबूत स्वतःचे स्पीकर आणि स्वतःचा डीजे सुरू होतो. त्याची बासची धमक आमच्या मंचापर्यंत येते. हळू गाणं असेल तर ते बुडतंच. आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलं की उत्तर येतं, आमच्या जागेचे पैसे आम्ही वेगळे मोजलेत. आयोजकाकडे त्यावर बोलायला तोंड नसतं.

अमेरिकेतल्या लोलापलूझा महोत्सवाचा प्रवास या संदर्भात जरूर अभ्यासावा. १९९१ मध्ये पेरी फॅरेल यांनी आपल्या 'जेन्स अॅडिक्शन' या बँडचा निरोपाचा दौरा म्हणून तो सुरू केला. तेव्हा तो गावोगाव फिरायचा, रॉक आणि रॅप एकाच दिवशी ऐकवायचा, आणि सामाजिक चळवळींनाही तिथे टेबल मांडायला जागा असायची. १९९६ मध्ये मेटालिका हा बडा हेवी मेटल बँड मुख्य आकर्षण झाल्यावर, पर्यायी म्हणून उरलं काय, असा वाद पेटला. तिकिटं खपेनात म्हणून २००४ चा दौरा रद्द झाला. २००५ पासून तो शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये स्थिरावला. तो भरवणाऱ्या सी-थ्री प्रेझेंट्स या कंपनीतला बहुसंख्य हिस्सा २०१४ मध्ये लाइव्ह नेशन या बड्या कार्यक्रम-कंपनीने घेतला. आज हेच नाव चिलीपासून मुंबईपर्यंत अनेक देशांत चालतं. तिथे आजही चांगलं संगीत ऐकायला मिळतं, मी ते नाकारत नाही. पण ग्रँट पार्क ही सार्वजनिक जागा आहे. सार्वजनिक जागा देताना अटी घालता येतात.

पाण्याची अट सर्वांत सोपी. अमेरिकेतल्या १९९९ च्या वुडस्टॉक महोत्सवात, जुन्या हवाई तळाच्या तापलेल्या डांबरावर, लोकांनी पाण्याच्या एका बाटलीला ४ डॉलर मोजले. शेवटच्या रात्री तिथे जाळपोळ झाली. कारणं पुष्कळ होती, पण तहानलेल्या गर्दीला लुबाडल्याची भावना त्यात होतीच. प्यायचं पाणी फुकट आणि पुरेसं असल्याशिवाय परवाना नाही, हे एक ओळीचं कलम आहे.

त्याहून खोल घाव घालणारी गोष्ट करारांमध्ये दडलेली असते, आणि बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. मोठे महोत्सव कलाकारांकडून अंतराची आणि मुदतीची अट लिहून घेतात: आमच्याकडे वाजवायचं असेल तर इतक्या अंतरात, इतके महिने दुसरीकडे वाजवायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवाची अशी अट २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या एका छोट्या आयोजकाने दावा लावला तेव्हा चव्हाट्यावर आली. दाव्यात दिलेल्या तपशिलानुसार, १५ डिसेंबर ते १ मे या काळात उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही महोत्सवात त्या कलाकाराने वाजवायचं नव्हतं. ज्याला एका रात्रीचं प्रचंड मानधन मिळतं, त्याला ही अट परवडते. यादीत सर्वांत खाली, बारीक अक्षरात ज्याचं नाव छापलं जातं, त्याचं काय? त्याला दुपारच्या अर्ध्या तासाचं तुटपुंजं मानधन मिळतं आणि त्यापायी हंगामातली बाकीची कामं हातची जातात. त्याच भागातला छोटा महोत्सव मग कोणाला बोलावणार? कलाकार गावात आहेत, रिकामे बसले आहेत, आणि येऊ शकत नाहीत.

माझी पहिली मागणी इथे आहे. सरकारी मैदान, सरकारी अनुदान किंवा सरकारी जाहिरात यांपैकी काहीही घेणाऱ्या महोत्सवाला ठराविक मानधनाखालच्या कलाकारांवर अशी अट घालायला मनाई करावी. मर्यादा किती असावी ते कलाकारांच्या संघटनांशी बोलून ठरवता येईल. खाजगी जागेवर, स्वतःच्या पैशाने भरणाऱ्या महोत्सवाशी मला भांडायचं नाही.

पैसा आला की आत्मा गेला, असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. मोठ्या महोत्सवांमुळे माझ्यासारख्या कामगारांना वेळेवर पैसे मिळतात. स्वच्छतागृहं बरी असतात, रात्री उशिरा घरी जाणाऱ्या बायकांसाठी उजेड आणि गाड्या असतात, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला मंच दिसेल असा ओटा बांधलेला असतो. छोट्या महोत्सवांनी हे शिकायला हवं. प्रश्न आहे तो उरलेला पैसा कुठे जातो आणि मंचावर कोण चढणार हे कोण ठरवतं, हा.

डेन्मार्कचा रॉस्किल्ड महोत्सव १९७१ मध्ये सुरू झाला आणि १९७२ पासून एक ना-नफा संस्था तो चालवते. तिथे सुमारे १,३०,००० माणसं जमतात, त्यांतले सुमारे ३०,००० स्वयंसेवक. ते प्रायोजक घेतात, बियर विकतात, जगभरातली मोठी नावं बोलावतात, आणि शिल्लक सामाजिक व सांस्कृतिक कामांना देतात. जर्मनीतला फ्युजन महोत्सव १९९७ पासून जुन्या लष्करी विमानतळावर भरतो आणि प्रायोजकांच्या जाहिराती घेतच नाही. २०१९ मध्ये पोलिसांनी मैदानाच्या आत ठाणं हवं असा आग्रह धरला तेव्हा तो महोत्सव रद्द होण्याच्या बेतात आला होता. बरीच चर्चा होऊन तडजोड निघाली. संवादाची तयारी दोन्ही बाजूंनी असेल तर मार्ग निघतो, हे त्यातून दिसलं.

मालकी दूरच्या हातात गेली की संवादालाच माणूस उरत नाही. युरोपातले सोनार, सिगेट, फील्ड डे असे अनेक महोत्सव ज्या सुपरस्ट्रक्ट कंपनीकडे होते, ती २०२४ मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. २०२५ मध्ये केकेआरच्या इतर गुंतवणुकींवर आक्षेप घेत अनेक कलाकारांनी फील्ड डे आणि सोनारमधून माघार घेतली. आयोजक खुलासे देत राहिले, पण ज्या व्यवहारावर आक्षेप होता तो त्यांच्या अखत्यारीतच नव्हता. मालकी कोणाची आहे, हे निदान तिकिटावर छापणं बंधनकारक करावं.

आता पैशाचं. छोट्या जागांना मदत करायची तर ती कोठून, असा प्रश्न अर्थखातं विचारेल. फ्रान्समध्ये मैफलींच्या तिकिटांवर ३.५ टक्के कर लागतो आणि तो राष्ट्रीय संगीत केंद्रामार्फत संगीतक्षेत्राकडेच परत वळतो. ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये संसदेच्या संस्कृती समितीने मोठ्या स्टेडियम आणि अरेनांच्या तिकिटांमधून छोट्या जागांसाठी वर्गणी घ्यावी अशी शिफारस केली. ती ऐच्छिक ठेवली गेली. मला फ्रान्सची वाट योग्य वाटते. मोठ्या मंचावर उभे राहणारे कलाकार छोट्या जागांतच घडलेले असतात, तेव्हा त्या जागांचं देणं मोठ्या तिकिटाने द्यावं, यात अन्याय नाही. मात्र तो पैसा वाटताना 'किती गर्दी जमली' हा निकष नको. गर्दी जमवणाऱ्याला गर्दीचाच पैसा मिळालेला असतो. किती नवीन कलाकारांना पूर्ण साउंडचेकसह, पुरेसा वेळ आणि मानधन देऊन वाजवायला मिळालं, ते मोजावं.

शुल्क क्षमतेनुसार आणि तिकिटाच्या दरानुसार चढतं असावं. छोट्या महोत्सवाच्या अर्जावर निर्णय कार्यक्रमाच्या किमान ६० दिवस आधी, लेखी कारणांसह मिळावा. बंदोबस्ताचं बिल आधी कळावं, नंतर बदलू नये. अनामत ३० दिवसांत परत मिळावी. यासाठी नवा कायदा करावा लागेल असं मला वाटत नाही, बरंचसं काम नियमावली आणि परिपत्रकांनी होईल.

पुढच्या हंगामासाठी मैदानांचे करार होण्याआधी या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करावा आणि त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी, ही विनंती. मैदानांशेजारी राहणाऱ्यांनाही तिथे बोलवावं, त्यांचं ऐकल्याशिवाय ठरवलेले नियम टिकणार नाहीत. आणि सुनावणी संध्याकाळी ठेवावी. मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी दिवसाही येऊ शकतात, ते त्यांच्या नोकरीचंच काम आहे. बँडमधली पोरं, मंच उभारणारे कामगार आणि छोटे आयोजक दिवसा दुसरीकडे राबत असतात.

कळावे,

आपला नम्र,
एक ध्वनिसंयोजक