किडीने वठलेले झाड थेट सरपणात का?

महोदय,

रस्त्याकडेचा वठलेला पर्जन्यवृक्ष किंवा आंबा तोडला की टेम्पोत मावावेत म्हणून ओंडक्यांचे दोन-अडीच फुटी तुकडे करतात. लाकूड वाया जाते ते तिथेच. एवढ्या तुकड्यातून ना टेबल निघते, ना बाकाची फळी. ‘कीड होती’ असे सांगितले जाते, पण कोणती? पर्जन्यवृक्षावरचा पिठ्या ढेकूण रस शोषतो, लाकूड पोखरत नाही. आंब्यातला भिरूड हा खोडकिडा पोखरतो, पण बहुतेक बुंध्याकडे. तेवढा भाग छाटला की वरचे खोड पुष्कळदा धड निघते.

तोडतानाच सात-आठ फुटांचे ओंडके राखावेत. साल लगेच सोलावी, नाहीतर तिच्याखाली नवे भुंगेरे अंडी घालतात. दोन्ही टोकांना मेण किंवा उरलासुरला ऑइलपेंट फासावा, म्हणजे चिरा आत जात नाहीत. भवानी पेठेतल्या लाकडाच्या वखारीत चिरायला नेण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवाच. क्लासेस आणि पेइंग गेस्टच्या पाट्यांचे खिळे खोडाने केव्हाच गिळलेले असतात. एका खिळ्याने करवतीचे पाते गेले, की वखारवाला पुन्हा रस्त्यावरचे लाकूड दारात उभे करत नाही.

चिरायला उशीर नको. पावसाळी हवेत आंब्याच्या लाकडावर बघता बघता निळे-काळे डाग चढतात. फळ्या ओल्या असतानाच औषध द्यावे: २० लिटर कोमट पाण्यात १२०० ग्रॅम बोरॅक्स आणि ८०० ग्रॅम बोरिक ॲसिड. बुडवून काढाव्यात आणि दोन-तीन आठवडे प्लास्टिकखाली झाकाव्यात. औषध ओलीतूनच आत उतरते. सुकलेल्या फळीवर ते वरवर राहते आणि सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पुढे घुण लागतो. पावसात हे औषध धुऊन जाते, त्यामुळे अशा फळ्या घरातल्या कामालाच वापराव्यात.

मग छपराखाली थर लावावा. दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या, खालपासून वरपर्यंत एका ओळीत, आणि वर वजन. पट्टी सरकली की फळी वाकलीच. मीटरवर ओल १२ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत सुताराने रंधा लावू नये, जोड सुटतात.

फांद्यांचा चुरा झाडांच्या आळ्यात तीन इंच जाड पसरावा, खोडापासून वीतभर दूर. मातीत मिसळू नये. कच्चा चुरा कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. पोखरलेली साल आणि बुंधा मात्र आमराईच्या वाटेला जाऊ देऊ नये, जागीच चुरा करावा.

हे सगळे ओंडक्याच्या लांबीवर अडते. महापालिकेने वृक्षतोडीच्या परवानगीपत्रात आणि कंत्राटात ‘सरळ खोड किमान सात फूट’ अशी अट घालावी.

– लाकूडकाम करणारे काही वाचक, पुणे