गरम ते प्लॅस्टिकमध्ये नको

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, काल फोनवर मी गरम अन्नाला प्लॅस्टिक नको म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "आता या वयात आमचं काय बिघडणार आहे?" वाद नको म्हणून मी विषय बदलला, पण मला वाटतं याच वयात जास्त जपायला हवं.

इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून शस्त्रक्रिया करून काढलेला चरबीचा थर तपासला. 2024मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. 257 रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या थरात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण होते. पुढच्या तीनेक वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका त्यांच्यात इतरांच्या सुमारे 4.5 पट दिसला. "म्हणजे प्लॅस्टिकमुळेच झालं हे कुठे सिद्ध झालं?" असं बाबा विचारतील, आणि ते बरोबरच आहे. पण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना पुराव्याची वाट कशाला बघायची?

घरातलं सगळं प्लॅस्टिक फेका असं मी म्हणत नाही. फेकून ते जाणार तरी कुठे? जगात 2015पर्यंत झालेल्या प्लॅस्टिकच्या कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्के पुन्हा वापरात आला. आणि बाबा, पालापाचोळ्याबरोबर पिशव्या पेटवणं तेवढं थांबवा. त्यात पीव्हीसी हा प्लॅस्टिकचा प्रकार असेल तर डायॉक्सिनसारखं विष हवेत जातं.

माझा हट्ट एकाच गोष्टीचा आहे: गरम काहीही प्लॅस्टिकमध्ये नको. उष्णता आणि तेल मिळालं की बिस्फेनॉल-ए (बीपीए), थॅलेट यांसारखी प्लॅस्टिकमधली रसायनं अन्नात जास्त उतरतात आणि शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. डब्यावर 'मायक्रोवेव्ह-सेफ' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. डबा वितळणार नाही, वाकणार नाही, एवढाच त्याचा भरवसा. 'बीपीए-फ्री'चंही तसंच, बऱ्याचदा त्याच्या जागी त्याचाच भाऊबंद बीपीएस घातलेला असतो. गरम करायचं ते काचेत, भरून ठेवायचं ते स्टीलमध्ये. ओरखडे पडलेले जुने डबे खिळे, सुईदोरा, बटणं असल्या वस्तूंना द्या.

बाबा, त्रिकोणात 1 आकडा असलेल्या पाण्याच्या बाटल्या एकदाच वापरायच्या असतात. तुम्ही त्या वर्षानुवर्षं भरता, तेही उन्हात ठेवून!

स्टीलचे डबे मी पाठवतेय. आई, झाकणं घट्ट बसणारी हवीत की तुझ्या बोटांना सहज उघडतील अशी, तेवढं कळव.

तुमची,
ताई