मॅलेट ‘लॉर्ड’ नव्हते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या पुण्यावरचा लेख आवडला. मात्र सवाई माधवरावांच्या दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांना त्यात दोनदा ‘लॉर्ड’ केले आहे. मॅलेट होते बॅरोनेट. हा किताब १६११ मध्ये राजा पहिल्या जेम्सने तिजोरी भरायला चक्क विकायला काढला होता. नावाआधी ‘सर’ लागतो, किताब बापाकडून मुलाकडे जातो. पण त्याच्या जोरावर उमरावांच्या सभागृहात बसता येत नाही.

मॅलेटना तो विकत घ्यावा लागला नाही. टिपूविरुद्ध पेशव्यांशी १७९० मध्ये तह जुळवला, त्याची ही १७९१ ची बक्षिसी. त्या दरबाराचे थॉमस डॅनियलने रंगवलेले चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्याची छापील प्रत माझ्या टेबलासमोर लटकते: पांढऱ्या अंगरख्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यांत हे साहेब.

गंमत म्हणजे किताब आधी आला, जमीन मागाहून. मॅलेट एका पाद्र्याचे चिरंजीव. विल्टशरमधली विल्बरी हाउसची इस्टेट त्यांनी घेतली ती पुणे सोडल्यानंतर, १८०३ मध्ये. तिथे ते जमीनदार म्हणून नांदले आणि १८१५ मध्ये वारले.

लेखात राहून गेलेली गोष्ट वारशाची आहे. पुण्यात असताना मॅलेट अंबर कौर या बाईंबरोबर राहत. त्यांना तीन मुले झाली: एलायझा, लुइसा आणि हेन्री. तिघांनाही इंग्लंडला पाठवण्यात आले. चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात मॅलेटच्याच आश्रयाला होता आणि त्याने अंबर कौरचेही चित्र काढले. पुढे १७९९ मध्ये मॅलेटनी लग्न केले ते याच वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी. तिला आठ मुलगे झाले. बॅरोनेटचा किताब औरस मुलग्यालाच मिळतो. त्यामुळे हेन्री वयाने मोठा असूनही किताब गेला १८०० साली जन्मलेल्या अलेक्झांडरकडे. हे अलेक्झांडर पुढे मोठे मुत्सद्दी झाले. त्यांच्या वंशावळी सहज सापडतात. हेन्रीची शोधत बसावी लागते.

तेव्हा दुरुस्ती छापालच, तर ‘लॉर्ड’ खोडताना अंबर कौरचे नावही घालावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पुणे