आजीच्या हरिपाठाबद्दल

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, दिवसभर कॉलेजात फिजिक्स शिकवतेस आणि संध्याकाळी आजीबरोबर हरिपाठाला बसतेस. दोन्ही मनापासून कसं जमतं गं?" तेव्हा कुकर लावला होता, नीट बोलता आलं नाही.

आजोबा गेले त्या वर्षी मला रात्र रात्र झोप नसायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांचा उपयोग झालाच. पण दिवेलागणीला आजी म्हणायची, "बस जरा माझ्याजवळ." पहिले आठ दिवस मी नुसते ओठ हलवले. मग लक्षात आलं, चरण संपेपर्यंत श्वास सावकाश सोडत राहावं लागतं, आणि आजीची टाळी पडली की पुढचा घ्यायचा. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके मंदावतात, हे मी कधीच वाचलेलं होतं. छातीतली धडधड खरोखर उतरलेली मात्र तेव्हा कळली. २००१ साली काही संशोधकांनी रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला होता. एरवी मिनिटाला बारा ते वीस वेळा चालणारा श्वास दोन्हींत सहाच्या आसपास आला.

यावरून विठ्ठल सिद्ध झाला, असं मात्र कुणाला म्हणू देऊ नकोस. मोजला तो श्वास. 'पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं' असले मेसेज आले की मला मनापासून वाईट वाटतं. आजीला विठोबासाठी कुठलाच दाखला लागत नाही, आणि बीपीची गोळीही ती एक दिवस चुकवत नाही.

यंदा तुकोबांची पालखी पुण्यात निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला होती, तेव्हा आपल्या वाड्यात परभणीकडच्या सहा बायका उतरल्या होत्या. एकीच्या टाचेचा फोड फुटला होता, कडेला माती घट्ट बसलेली. कोमट पाण्यात पाय धुऊन, औषध लावून पट्टी बांधली आणि म्हटलं, "उद्या चालू नका, विश्रांती घ्या." त्या म्हणाल्या, "विश्रांतीलाच निघालेय की, माय." आणि वाकून माझ्याच पायांना हात लावला. मला काही बोलता येईना. रात्री आजी त्यांना पोळ्या वाढत होती. कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली, तेही त्यांच्या पंगतीत बसून. हार्वर्डचे संशोधक १९३८ पासून माणसांची आयुष्यं न्याहाळताहेत आणि जिव्हाळ्याच्या नात्यांनी म्हातारपण सुखाचं जातं, असं सांगताहेत. ते खरंच आहे. पण त्या पायाला मी हात लावला तेव्हा मला जे मिळालं, ते अजून मला कुठल्या तक्त्यात मांडता आलेलं नाही, आणि त्याची मला घाईही नाही.

बंगळुरात तुला लॅबमधून यायला उशीर होतो, ठाऊक आहे. तरी सातच्या सुमाराला आजीला फोन लाव. ती स्पीकर चालू करून पाटाशेजारी ठेवते. म्हणायचं नसेल तर नुसती ऐक.

जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई